खिशाला हात न लावता ऑनलाइन पोकर : तीन पत्तीवाल्या कोकण्यांसाठी

गणपतीत रात्र जागवायची म्हणून माजघरात सतरंजीवर बसून ज्यांनी तीन पत्ती खेळली आहे, त्यांना पोकर अर्धं येतंच. घोटाळा होतो तो त्या अर्ध्यामुळेच. तीन पत्तीत डोक्यात पक्क्या बसलेल्या काही गोष्टी पोकरमध्ये बरोबर उलट्या आहेत, आणि नवा माणूस मोबाईलवर पहिल्यांदा बसला की नेमका तिथेच आपटतो. पैसे लावलेले नसले तर आपटायला हरकत नाही. म्हणून हा लेख फक्त फुकटच्या चिप्सवर पोकर शिकायचा आहे. पैसे कसे कमवावेत हे वाचायला आला असाल, तर इथे काही मिळणार नाही.

दिवस शिकायला बरे आहेत ते पावसाळ्याचे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात, लावणी आटपली की शेतातही फार काम उरत नाही. नाहीतरी पत्ते कुटले जातातच, मग जरा डोकं लावून कुटावेत.

पैसे आणि कायदा, हे आधी उरकू

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पोकर कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा वाद वर्षानुवर्षं कोर्टात चालला होता. या कायद्याने तो बाजूलाच ठेवला. पैसे भरून, पैसे जिंकायच्या आशेने खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, त्याला बंदी. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, त्याची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. बँका आणि पेमेंट ॲपनीही असे व्यवहार पुढे सरकवायचे नाहीत. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही, पण खेळायला जागाच राहिली नाही. देशातल्या मोठ्या पोकर ॲपनी पैशांची टेबलं त्याच महिन्यात गुंडाळली.

निव्वळ करमणुकीचे, पैशांचा डाव नसलेले ऑनलाइन खेळ मात्र चालू आहेत. फुकटच्या चिप्सचं पोकर त्यातच येतं. त्या चिप्स विकून पैसे मिळत नाहीत, हरल्या तर खिशातून काही जात नाही.

सावंतवाडी-बांद्याकडच्या पोरांचा एक ठरलेला गैरसमज इथेच काढून टाकतो. पत्रादेवी ओलांडून पणजीला गेलं की मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या दिसतात, तिथे पोकरची टेबलंही असतात, मग गोव्यात बसून मोबाईलवर पैसे लावून खेळलं तर चालत असेल, असं त्यांना वाटतं. बोटी चालतात त्या गोव्याच्या स्वतःच्या कायद्याखाली. मोबाईलवरची बंदी केंद्राची आहे आणि ती गोव्यातही तेवढीच लागू आहे.

‘पैसे न भरता पोकर’ असं शोधलं की दोन शब्द हमखास समोर येतात. एक ‘नो डिपॉझिट बोनस’ आणि दुसरा ‘फ्रीरोल’. पहिल्यात कंपनी तुमच्या खात्यात स्वतःहून थोडे पैसे टाकते. ते काढायला गेलात की अट दिसते : आधी इतके डाव खेळा, इतकी फी भरली जाऊ दे, मग बघू. तोवर बहुतेकांचे ते पैसे संपतात आणि मग स्वतःचे भरायचा मोह होतो. सगळी रचना त्या मोहासाठीच असते. फ्रीरोल म्हणजे प्रवेश फुकट पण बक्षीस खऱ्या पैशांचं अशी स्पर्धा. हजारो लोक, तुटपुंजं बक्षीस, आणि बक्षीस लागलं तरी ते हातात येण्याआधी कागदपत्रं मागतात. शिवाय आज भारतातल्या माणसाला हे देऊ करणाऱ्या साइट बाहेरदेशीच्या, पैशांच्याच टेबलांवर जगणाऱ्या असतात. माझं मत स्पष्ट आहे : नवशिक्याने दोन्हीच्या वाटेला जाऊ नये. फुकट म्हणजे ज्याला पुढे पैशांचं दारच नाही असं फुकट.

तीन पत्तीतलं काय विसरायचं

मोबाईल बाजूला ठेवा आणि घरातला पत्त्यांचा कॅट काढा. आपण शिकायचा तो प्रकार म्हणजे टेक्सस होल्डेम. ॲपवर ‘पोकर’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी हाच असतो. यात प्रत्येकाला दोनच पत्ते मिळतात, ते फक्त त्याने बघायचे. मधे टेबलावर पाच पत्ते उघडे पडतात, ते सगळ्यांचे. या सातांतून ज्याचा पाच पत्त्यांचा हात सगळ्यात मोठा, त्याचा डाव.

आता हातांची चढण. सगळ्यात वर रॉयल फ्लश, म्हणजे एकाच रंगाचे एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी. त्याखाली स्ट्रेट फ्लश, म्हणजे आपला पक्का रन, पण पाच पत्त्यांचा. मग एकसारखे चार. मग फुल हाउस, म्हणजे एकसारखे तीन आणि वर एक जोडी. मग फ्लश, म्हणजे कलर. मग स्ट्रेट, म्हणजे साधा रन. मग एकसारखे तीन. मग दोन जोड्या, मग एक जोडी, आणि काहीच नसेल तर मोठं पान.

बघितलंत? तीन पत्तीत रन कलरला मारतो. इथे कलर रनला मारतो. आणि ज्या ट्रेलपुढे तीन पत्तीत कोणी उभं राहत नाही, तो ट्रेल इथे खाली, साध्या रनच्याही खाली. हे पाठ करून डोक्यात बसत नाही. कारण कळलं तर बसतं.

कारण मोजणीत आहे. बावन्न पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२,१०० वेगवेगळे हात निघतात. त्यात साधे रन ७२० आणि कलर १,०९६. रन दुर्मीळ, म्हणून तो मोठा. पाच पत्त्यांचे हात निघतात २५,९८,९६०. त्यात साधे रन १०,२०० आणि कलर ५,१०८. इथे कलर दुर्मीळ झाला, म्हणून तो वर गेला. पाच पत्त्यांत नेमके एकसारखे तीन असलेले हात तर ५४,९१२ आहेत, मग ट्रेल खाली घसरला यात नवल नाही. गंमत म्हणजे तीन पत्तीत खुद्द ट्रेलचे ५२ हात आहेत आणि पक्क्या रनचे ४८. हिशोबाने पक्का रनच वर हवा होता, पण आपल्याकडे तीन एक्क्यांचा मान मोठा. पोकरने असा कोणाचाही मान ठेवलेला नाही.

जोडीचं तर सगळ्यात आधी मनातून काढा. तीन पत्तीत जोडी लागली की माणूस सरसावून बसतो आणि ते बरोबरही आहे, कारण शंभरातल्या चौऱ्याहत्तर वेळा जोडी किंवा त्याहून मोठं काही तीन पत्त्यांत येत नाहीच. होल्डेममध्ये सात पत्ते हाताशी असतात. शेवटपर्यंत गेलेल्या डावात नेमकी एक जोडी असण्याचं प्रमाण ४४ टक्क्यांच्या आसपास आहे आणि दोन जोड्यांचं साडेतेवीस टक्के. म्हणजे एक जोडी हा अगदी सामान्य हात. तिच्यावर सगळ्या चिप्स लावणारा माणूस ओळखायचा : तो कालपर्यंत तीन पत्ती खेळत होता.

आणखी तीन बारीक फरक. एक्का-दुर्री-तिर्री हा रन आपल्याकडे बऱ्याच घरांत दुसऱ्या नंबरचा धरतात. पोकरमध्ये एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी हा सगळ्यात छोटा रन. दुसरं, इस्पिक मोठं आणि चौकट छोटं असला प्रकार नाही, चारही रंग सारखे. दोघांचा हात अगदी बरोबरीचा निघाला तर शो मागणारा हरत नाही, डाव अर्धा-अर्धा वाटला जातो. आणि तिसरं, इथे ‘ब्लाइंड’ म्हणजे पत्ते न बघता खेळलेली चाल नव्हे. डाव सुरू होण्याआधी दोघांनी सक्तीने टाकायच्या चिप्स म्हणजे ब्लाइंड, आणि त्याच्याही एकापाठोपाठ एक पाळ्या येतात.

हे सगळं पक्कं व्हायला घरीच दोन संध्याकाळ बसा. चिप्स म्हणून तिसऱ्यांच्या शिंपल्या घ्या, जेवण झाल्यावर धुवून वाळवल्या की झालं. मोठ्या शिंपल्या शंभराच्या, छोट्या दहाच्या. काजूबिया नकोत. लहानपणी आपण बियांवरच खेळत होतो हे खरं, पण बियांना भाव आहे आणि भाव असलेली वस्तू डावात आली की कोणीतरी रुसतंच.

एक डाव, जवळून

टेबलावर सहाजण आहेत. एकाजवळ ‘बटण’ असतं, म्हणजे वाटणारा तो, असं धरायचं. ॲप स्वतःच पत्ते पिसतं आणि वाटतं, पण बटण डावागणिक एकेक जागा पुढे सरकतं. बटणाच्या पुढचा छोटा ब्लाइंड टाकतो, त्याच्या पुढचा मोठा. समजा ५० आणि १०० चिप्स.

बटण तुमच्याकडे आहे. तुम्हाला आले बदाम एक्का आणि बदाम दश्शी. तुमच्या आधीच्या दोघांनी पत्ते टाकले, तिसऱ्याने नुसते १०० भरले. तुम्ही ४०० करता. दोन्ही ब्लाइंडवाले पळतात, तिसरा ४०० पुरे करतो. मधे जमले ९५०.

आता पहिले तीन पत्ते एकदम उघडतात, त्यांना फ्लॉप म्हणतात : बदाम राणी, बदाम चौकी, किलवर नश्शी. तुमचे चार बदाम झाले, एक हवा. समोरचा ४७५ लावतो. तुम्ही काय करायचं?

नवा माणूस इथे ‘येईल, येईल’ म्हणतो. थांबा, मोजा. बदाम तेरा, चार दिसले, राहिले नऊ. न दिसलेले पत्ते सत्तेचाळीस. पुढच्याच पत्त्याला बदाम यायची शक्यता १९ टक्के, आणि पुढचे दोन्ही पत्ते बघायला मिळाले तर ३५ टक्के. टेबलावर एवढं गणित कोण करणार? म्हणून सगळे एक सोपी युक्ती वापरतात : कामाचे पत्ते मोजा, एक पत्ता यायचा असेल तर दुप्पट करा, दोन यायचे असतील तर चौपट. नऊ दुणे अठरा, नऊ चोक छत्तीस. खऱ्या आकड्याच्या पुरेसं जवळ.

दुसरी बाजू चिप्सची. मधे ९५० होते, त्याचे ४७५ आले, झाले १,४२५. तुम्ही ४७५ टाकले की एकूण १,९००. म्हणजे चार आण्यांची जोखीम घेऊन पूर्ण रुपया मिळवायचा डाव आहे, निदान पंचवीस टक्के वेळा जिंकायला हवं. नुसत्या पुढच्या पत्त्यावर १९ टक्केच आहेत, पण बदाम आला तर त्याच्याकडच्या उरलेल्या चिप्सही मिळू शकतात, आणि नुसता एक्का आला तरी कदाचित तुमचीच जोडी मोठी ठरेल. म्हणून पुरे करायला हरकत नाही.

चौथा पत्ता, म्हणजे टर्न : इस्पिक दुर्री. काही उपयोग नाही. समोरचा आता त्याच्या उरलेल्या सगळ्या १,९०० चिप्स पुढे ढकलतो. परत मोजा. मधे ३,८००, तुम्हाला टाकायचे १,९००, म्हणजे तेहेतीस टक्के वेळा जिंकायला हवं. एकच पत्ता उरलाय. बदाम धरून वीस टक्क्यांच्या आत, आणि तीन एक्के जमेला धरले तरी सव्वीस. त्याच्याकडे आता जिंकण्यासारखं आणखी काहीही उरलेलं नाही.

पत्ते टाका. पाचवा पत्ता, म्हणजे रिव्हर, बदाम असता का हे बघायची गरज नाही. असता तरी टाकणं बरोबरच होतं. हा एक डाव शिंपल्यांवर चार-पाचदा मांडून बघा, पोकरमधलं निम्मं शिक्षण त्यात आहे.

ॲप कसं घ्यायचं, कसं लावायचं

नावाजलेल्या फुकटच्या ठिकाणांत जिंगा पोकर आणि डब्ल्यूएसओपी ही मोबाईलवरची ॲप आहेत, रिप्ले पोकर कॉम्प्युटरच्या ब्राउझरवर चालतं. सुरुवातीला चिप्स मिळतात, संपल्या तर ठरावीक वेळाने परत थोड्या मिळतात. जिंगासारख्या ॲपवर झगमगाट, बक्षिसांची चक्रं, फटाके फार. शांतपणे शिकायचं असेल तर मला रिप्ले पोकरसारखी साधी जागा बरी वाटते.

ॲप घ्यायचं ते मोबाईलच्या अधिकृत स्टोअरवरूनच. व्हॉट्सॲपवर कोणी एपीके फाइल पाठवली तर ती उघडायचीच नाही, पाठवणारा मावसभाऊ असला तरी. खातं काढताना मुख्य ईमेल न देता एक वेगळा ईमेल काढून द्या. ॲपने संपर्कयादी, एसएमएस, फोटो बघायची परवानगी मागितली तर नाही म्हणा. पत्ते वाटायला तुमचे एसएमएस लागत नाहीत. ओटीपी चोरायला लागतात.

मग लगेच स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल असं करून ठेवा. ही पायरी सोडू नका. फुकटच्या ॲपचा धंदा चिप्स विकण्यावर चालतो. रात्री साडेअकराला चिप्स संपतात, पडद्यावर ‘फक्त आज, दसपट चिप्स’ झळकतं, आणि यूपीआय जोडलेलं असतं. विकत घेतलेल्या चिप्सही पैशांत परत होत नाहीत, म्हणजे ते शंभर-दोनशे गेलेच. तुमचा मोबाईल घरातली मुलं वापरत असतील तर ही सेटिंग दुप्पट गरजेची. अशी ॲप अठरा वर्षांच्या आतल्यांसाठी नाहीतच, हेही घरात सांगून ठेवा.

आता रेंज. सड्यावर चार काड्या आणि खाली वाडीत शून्य, हे आपल्याला नवं नाही. पोकरमध्ये प्रत्येक चालीला काही सेकंद मिळतात. तेवढ्यात तुमचं बोट लागलं नाही तर ॲप तुमचे पत्ते टाकून देतं, भले हातात दोन एक्के असोत. वारा सुटलाय, लाईट येते-जाते आहे अशा रात्री लांबलचक स्पर्धेत बसू नका, साध्या टेबलावर बसा, तिथून कधीही उठता येतं. उठताना ॲप नुसतं बंद करू नका, ‘टेबल सोडा’चं बटण दाबूनच उठा. नाहीतर काही ॲपमध्ये तुमची खुर्ची तिथेच राहते आणि ब्लाइंड कापले जातात.

पहिल्या आठवड्यात काय खेळायचं

बहुतेक पत्ते टाकायचे. एवढंच खरं तर.

दोन पत्त्यांच्या १,३२६ जोड्या होतात, रंगाचा फरक काढला तर १६९ प्रकार. त्यातले खेळण्यासारखे थोडेच. नवशिक्याने पाचांतला एखादा हात खेळावा, बाकीचे न कुरकुरता टाकावेत. खेळायचे कोणते : हातातली कोणतीही जोडी, एक्क्याबरोबर राजा, राणी, गुलाम किंवा दश्शी, आणि राजा-राणी. तुम्ही बटणावर किंवा त्याच्या आधीच्या खुर्चीवर असाल तर एकाच रंगाचे लागोपाठचे पत्ते, म्हणजे नश्शी-दश्शी वगैरे, हेही स्वस्तात बघायला हरकत नाही. शेवटी बोलणाऱ्याला आधीच्या सगळ्यांची चाल दिसलेली असते, म्हणून बटणाची जागा सोन्याची. एक्का आणि दुर्री-तिर्री असा हात बघून हुरळू नका. एक्क्याची जोडी लागेल आणि समोर एक्का-राजा निघेल.

हातात जोडी दर सतरा डावांना सरासरी एकदा येते. दोन एक्के दर २२१ डावांना एकदा. छोटी जोडी घेऊन फ्लॉप बघितला तर तिसरा जुळायची शक्यता साडेआठात एक आहे. नाही जुळला आणि समोरून मोठी चाल आली, तर निमूट बाजूला व्हायचं.

पत्ते टाकून बसायचा कंटाळा येतो, तिथेच सगळे फसतात. त्या वेळेत दुसऱ्यांकडे बघा. कोण प्रत्येक डावात उडी घेतो, कोण अर्धा तास गप्प बसून एकदम मोठी चाल करतो, शेवटी पत्ते उघडले तेव्हा कोणाकडे काय निघालं. शेजारी वही ठेवा. बहुतेक ॲपमध्ये खेळलेल्या डावांची नोंद बघता येते, तीही झोपायच्या आधी एकदा चाळा.

फुकटच्या टेबलाचा रोग

फुकटच्या टेबलावर पहिल्याच डावात चारजण सगळ्या चिप्स पुढे ढकलतात. का नाही ढकलणार? संपल्या तर परत मिळतात. हे बघून पुष्कळजण ‘हे काय पोकर नव्हे’ म्हणून उठतात, नाहीतर स्वतःही तसेच खेळायला लागतात. दोन्ही चूक.

अशा टेबलावर ब्लफ अजिबात चालत नाही, कारण कोणी पत्ते टाकतच नाही. तेव्हा ब्लफ करू नका. चांगला हात येईपर्यंत थांबा आणि आला की मोठी चाल करा, नेहमीपेक्षा मोठी. एका माणसाच्या कसल्याही पत्त्यांसमोर तुमचे दोन एक्के शंभरात पंच्याऐंशी वेळा जिंकतात. समोर पाचजण डावात राहिले तर हेच एक्के पन्नासाच्या जरासे खालीच येतात. नुसते १०० भरून सगळ्यांना आत घेतलंत आणि मग एक्के फुटले म्हणून ॲपला शिव्या घातल्यात, तर दोष ॲपचा नाही. ‘ॲप लबाड आहे’ ही तक्रार मी जिथे ऐकतो तिथे बहुधा हेच घडलेलं असतं.

फुकटच्या चिप्सना किंमत तुम्हालाच द्यावी लागते, आणि ती द्यायची सोपी रीत आहे. जवळ जेवढ्या चिप्स असतील त्यांचा विसावा भागच एका टेबलावर घेऊन बसा. तो संपला तर त्या दिवशी उठा. एकूण चिप्स दुप्पट झाल्या की एक पायरी वरच्या टेबलावर जा, निम्म्या झाल्या तर एक पायरी खाली या. दिवसाचा फुकटचा बोनस हिशोबात धरू नका. वरच्या पायरीवर माणसं जरा जपून खेळताना दिसतील, कारण त्यांनीही त्या चिप्स बसून जमवलेल्या असतात.

दुसरा उपाय म्हणजे सिट अँड गो, म्हणजे सहा किंवा नऊजणांची छोटी स्पर्धा. सगळ्यांना सारख्या चिप्स, संपल्या की बाहेर, परत मिळत नाहीत. इथे लोक आपोआप शुद्धीवर येतात. ब्लाइंड दर काही मिनिटांनी वाढतात, त्यामुळे नुसतं बसूनही चालत नाही. माझ्या मते नवशिक्याने पहिला आठवडा संपला की साध्या टेबलापेक्षा यातच जास्त वेळ घालवावा.

कोणी पैशांकडे ओढायला लागला तर

थोडं जमायला लागलं की टेलिग्रामवर कोणीतरी भेटतो. ‘तुमच्या चिप्स मी विकत घेतो’, ‘स्वस्तात चिप्स देतो’, ‘आमच्या खासगी क्लबात या, हिशोब यूपीआयवर’. चिप्स विकणं ॲपच्या नियमांत बसत नाही, खातं बंद होतं. आणि खासगी क्लबात पैशांवर बसलात तर समोरचे चौघे एकमेकांना फोनवर पत्ते सांगत आहेत की नाही, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. पैसे अडकले तर तक्रार तरी कशाची करणार? तरीही फसवणूक झालीच तर लाजून घरी बसू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका लवकर कराल, तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

२००३ साली क्रिस मनीमेकर नावाचा अमेरिकेतला हिशोबनीस ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून लास व्हेगासच्या जागतिक मालिकेत पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. आडनावासकट ही गोष्ट खरी आहे. तुम्हाला पैशांकडे ओढणारा प्रत्येकजण ती सांगेल. त्या वर्षी त्याच स्पर्धेत आठशेहून जास्त माणसं होती, बाकीच्यांची नावं कोणी सांगत नाही.

मुंबईतले आणि गावातले एका टेबलावर

शिकायची सगळ्यात मजेची जागा अनोळखी टेबल नव्हे, आपलं टेबल. पोकर नाऊ म्हणून ब्राउझरवरची एक सोय आहे. तिथे एकाने टेबल उघडायचं आणि दुवा व्हॉट्सॲपच्या गटात टाकायचा. ॲप उतरवायला लागत नाही, खातं काढायला लागत नाही. ठाण्या-डोंबिवलीतले चाकरमानी आणि वाडीतली मंडळी एका टेबलावर बसतात. यजमान चिप्स वाटतो, त्या नुसत्या आकड्यातल्या.

ज्याच्याकडे वायफाय आहे त्यालाच यजमान करा. सहा-सात जणांच्या वर नको, पाळी येईस्तोवर लोक टीव्ही बघायला जातात. ब्लाइंड १० आणि २०, प्रत्येकाला २,००० चिप्स, म्हणजे खेळायला पुरेशी मोकळीक राहते. चालीची वेळ जराशी जास्त ठेवा, सड्याखालच्यांची रेंज लक्षात घेऊन. चिप्स संपलेल्याला एकदाच परत द्यायच्या की अजिबात नाही, हे सुरुवातीलाच ठरवा, नाहीतर दहा वाजता भांडण होतं. शेजारी फोनवर कॉल चालू ठेवला तर गजाली होतात, आणि निम्मी मजा त्यातच आहे. फक्त चालू डावातल्या पत्त्यांबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही. ज्याने आपले पत्ते टाकलेत त्याने तर नाहीच, कारण ‘मेल्या, माझीच दश्शी होती ती’ एवढं ऐकूनही समोरच्याचा अख्खा हिशोब बदलतो.